शेर गेला, शिक्का राहिला

श्रोतेहो, पूर्वी शेर गावोगाव होता, पण सगळीकडे सारखा नव्हता. परक्या बाजारी गेलेला शेतकरी हमखास नाडला जाई. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १९५८ च्या ऑक्टोबरात काही भागांत किलो आला आणि १९६२ च्या एप्रिलपासून वजनात त्याचीच सक्ती झाली.

पण वजन बदलले म्हणून मापातले पाप थोडेच जाते? लोखंडी वजन झिजते. कोणी ते मुद्दाम पोखरतोही. म्हणून निरीक्षक ते प्रमाण वजनाशी ताडून पाहतो आणि बरोबर भरले तरच त्यातल्या शिशावर शिक्का मारतो. आज काटे विजेवर चालतात, तरी तपासणी सुटलेली नाही.

गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: माल घेण्याआधी शिक्का पाहावा. त्यात लाज कसली?