संगणक ‘हँग’ झाल्यावर काय करावे?

काम ऐन रंगात आले असताना पडदा गोठतो, की-बोर्ड दाद देईनासा होतो आणि वापरणाऱ्याचा हात नकळत वीज बंद करण्याच्या बटणाकडे जातो. बहुतेक वेळा दोष एकाच प्रोग्रॅमचा असतो; शिक्षा मात्र उघडी असलेली सर्वच कामे भोगतात. दोषी प्रोग्रॅम तेवढा वेगळा काढून थांबविण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्येच असते.

प्रोसेस म्हणजे काय?

डिस्कवर साठविलेला प्रोग्रॅम ही केवळ फाइल असते. तो सुरू होताच त्याला मेमरीत जागा, प्रोसेसरचा वेळ आणि ओळख क्रमांक मिळतो. या चालत्या रूपास ‘प्रोसेस’ म्हणतात. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅमने आपण होऊन प्रोसेसर सोडावा लागे. एक अडून बसला की सगळेच खोळंबत. १९९३ च्या विंडोज एनटीपासून हा ताबा सिस्टीमकडे आला. प्रत्येक प्रोसेसला क्षणभराचा वेळ देऊन ती तो परत घेते. म्हणूनच आज एक प्रोग्रॅम अडकला तरी बाकीचे सहसा चालू राहतात.

टास्क मॅनेजर

विंडोज एनटी ४.० बरोबर १९९६ मध्ये आलेला टास्क मॅनेजर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास उघडतो. ‘सीपीयू’ किंवा ‘मेमरी’ या मथळ्यावर क्लिक केल्यास सर्वाधिक भार टाकणारी प्रोसेस वर येते. ‘नॉट रिस्पाँडिंग’ हा शेरा मात्र मृत्यूचा दाखला नव्हे. खिडकीने सुमारे ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीपीयू वा डिस्कचे आकडे हलत असतील, तर मोठी फाइल साठविण्याचे काम सुरू असण्याची शक्यता असते. अशा वेळी थोडे थांबणेच शहाणपणाचे.

आधी विनंती, मग सक्ती

प्रोसेस थांबविण्याचे दोन मार्ग आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातील फुली ही विनंती असते. प्रोग्रॅमला काम साठविण्याची संधी मिळते. प्रोसेस सक्तीने संपविल्यास ती संधी मिळत नाही आणि न साठविलेला मजकूर गमवावा लागतो. लिनक्समध्ये हा भेद अधिक स्पष्ट आहे. तेथील ‘किल’ ही आज्ञा एरवी १५ क्रमांकाचा संदेश पाठविते. प्रोग्रॅम आवराआवर करून बाहेर पडू शकतो. ९ क्रमांकाचा संदेश मात्र प्रोग्रॅमला अडविता वा टाळता येत नाही. म्हणून १५ आधी, ९ शेवटी.

सावधगिरी

अनोळखी नाव दिसले म्हणून प्रोसेस बंद करू नये. ‘सीएसआरएसएस’ ही विंडोजची स्वतःची प्रोसेस बंद पडल्यास संपूर्ण संगणक कोलमडतो. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव अनेकदा दिसणे स्वाभाविक आहे, कारण विंडोजच्या अनेक सेवा त्याच नावाखाली चालतात. मात्र व्हायरसही असे नाव धारण करतात. शंका आल्यास नावावर उजवे क्लिक करून फाइलचे ठिकाण पाहावे. ती विंडोजच्या फोल्डरबाहेर आढळल्यास अँटिव्हायरसने तपासणी करावी.

टास्क मॅनेजरही उघडत नसेल, तरच वीज बंद करावी. सक्तीने थांबविलेल्या प्रोसेसमधील मजकूर परत मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे कंट्रोल आणि एस या कळा अधूनमधून दाबण्याची सवय हाच खरा विमा होय.