बीजसंस्कार : पंचांगापासून ॲस्ट्रोसॅटपर्यंत

रांझीच्या वसाहतींत वाढलेल्या पिढ्यांना ‘गेज’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागला नाही. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाची आयुधनिर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. या कारखान्यांत राबलेल्या माणसांबरोबर व्हर्निअर, मायक्रोमीटर, इन्स्पेक्शन हे शब्दही संध्याकाळी घरी येत. तयार भागाचे माप गेजने तपासायचे, हे कोणालाही समजते. पण वापराने गेज स्वतःच झिजतो, म्हणून ठरावीक मुदतीने त्यालाही मास्टर गेजशी ताडून पाहावे लागते, ही दुसरी पायरी कारखान्यात काम केलेल्यालाच खऱ्या अर्थाने कळते. मोजणाऱ्याचेच मोजमाप घेण्याच्या या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला ‘अंशशोधन’ असा शब्द आहे. भारताच्या पहिल्या अवकाशवेधशाळेचा, म्हणजे ॲस्ट्रोसॅटचा, इतिहास सांगताना बहुधा तिने लावलेल्या शोधांची यादी दिली जाते. त्या यादीखाली दबलेला इतिहास या अंशशोधनाचा आहे.

मराठी मुलखात ही कल्पना नवी नव्हती. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या सिद्धान्ताप्रमाणे आकाशाशी जुळते, हे त्यांनी पाहून ठरवले होते. जुन्या ध्रुवांकांत प्रत्यक्ष वेधांच्या आधारे जी दुरुस्ती करायची, तिला ज्योतिषी ‘बीजसंस्कार’ म्हणत. पण ग्रहलाघव इतका सोयीचा ठरला की पुढच्या तीन शतकांत बहुतेक पंचांगकर्त्यांनी त्याची आकडेमोड तेवढी चालू ठेवली. आकाशाकडे पाहून ती तपासण्याची परंपरा मागे पडली. वर्षाला नगण्य वाटणारी चूक साठत गेली. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध करून ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्यावरून उठलेला वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. आजही टिळक पंचांग मानणाऱ्या घरातला अधिक मास शेजाऱ्याच्या अधिक मासाशी कधीकधी जुळत नाही, याचे मूळ या वादात आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तर प्रश्न यंत्रशाळेतलाच होता : मास्टर गेज कोणता मानायचा?

दुसरा धडा पुण्याच्याच एका वेधशाळेने दिला. तेथील विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ साली वेधशाळा उभी केली. ग्रब कंपनीने बनवलेली तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण पुढे बराच काळ देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. मात्र १९१२ साली ते निवृत्त होताच वेधशाळा मोडण्यात आली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या उत्साहावर ग्रहण पाहता येते. वीस वर्षे त्याच ताऱ्याचे तेज तशाच रीतीने मोजत राहण्यासाठी मात्र पगारपत्रक, नोंदवही आणि वारसदार लागतात. पुण्याला ते मिळायला आणखी बराच काळ जावा लागला.

वातावरण क्ष-किरण अडवून धरते, म्हणून त्यांचा वेध जमिनीवरून घेता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रथम उपकरणे बलूनमधून वर पाठवली. १९७५ च्या एप्रिलमध्ये ‘आर्यभट’ उपग्रहाबरोबर क्ष-किरणांचा एक प्रयोग गेला. परंतु वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे तो काही दिवसांतच थांबला. पुढे मार्च १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर एक छोटा क्ष-किरण प्रयोग गेला आणि तो चालला. त्या अनुभवातून प्रल्हाद चंद्र अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या वेधशाळेचा आग्रह धरला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने ॲस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या, विषुववृत्ताशी अवघा ६ अंशांचा कल असलेल्या कक्षेत नेऊन सोडले. वजन दीड टनाच्या आसपास, अपेक्षित आयुष्य पाच वर्षे.

या वेधशाळेत अतिनील किरणांपासून तीव्र क्ष-किरणांपर्यंतचा पल्ला एकाच वेळी पाहणारी उपकरणे होती. यूव्हीआयटी ही ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन दुर्बिणींची जोडी होती. एसएक्सटी सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ आरशांनी सौम्य क्ष-किरण एकवटे, तर एलएएक्सपीसी म्हणजे झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे गणक. आणि सीझेडटीआय या उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे १६,३८४ पिक्सेल होते. शिवाय आकाशात नव्याने उजळणाऱ्या क्ष-किरण स्रोतांवर नजर ठेवणारा एक टेहळ्याही होता. यूव्हीआयटीची जबाबदारी बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, एसएक्सटी आणि एलएएक्सपीसी मुंबईची टाटा संस्था, तर सीझेडटीआयच्या माहितीचे केंद्र पुण्यातील ‘आयुका’, अशी कामाची वाटणी होती. नायगमवालांच्या शहरात आता रोज येणारी माहिती रोज तपासणारी माणसे नेमलेली होती.

उपग्रह कक्षेत गेला म्हणजे दुर्बीण लगेच उघडली, असे होत नाही. निर्वात अवकाशात उपग्रहाच्या रंगांतून, गोंदांतून, तारांच्या आवरणांतून अडकलेली बाष्पे हळूहळू बाहेर पडतात. अतिनील दुर्बिणीच्या आरशावर त्यांचा पुसटसा थर बसला तरी ताऱ्यांचा प्रकाश घटतो, आणि तिथे जाऊन आरसा पुसता येत नाही. त्यामुळे यूव्हीआयटीची झाकणे उड्डाणानंतर दोन महिने बंदच ठेवली गेली. ती ३० नोव्हेंबर २०१५ रोजी उघडली. पहिले लक्ष्य निवडले तेही नेत्रदीपक नव्हते. वृषपर्वा तारकासमूहातील, ध्रुवाच्या जवळचा एनजीसी १८८ हा वृद्ध तारकागुच्छ. तो वर्षभर केव्हाही दिसू शकतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पुढे दर महिन्याला दुर्बीण त्याच गुच्छाकडे वळवायची, त्याच ताऱ्यांचे प्रकाशकण मोजायचे आणि आकडे मागच्या महिन्याशी जुळतात का ते पाहायचे, असा शिरस्ता पडला. निरपेक्ष मापासाठी एचझेड ४ या श्वेतबटू ताऱ्याचा आधार घेतला गेला, कारण त्याचे अतिनील तेज आधीच नीट मोजलेले होते.

इतर उपकरणांबरोबर त्यांचे मास्टर गेजही वर पाठवलेले होते. एसएक्सटीच्या कॅमेऱ्याच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सारी समस्थानिकाचे ठिपके सतत प्रकाश टाकत राहतात. त्यांच्या किरणांची ऊर्जा निसर्गानेच ठरवलेली, ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. उपकरणाने ती वेगळी सांगितली, तर उपकरण सरकले. पण लोह-५५ चे अर्धे अणू पावणेतीन वर्षांत संपतात. म्हणजे खूण पटवणारा साक्षीदारच वर्षागणिक क्षीण होत जातो, आणि मग टायको ब्राहेने १५७२ साली पाहिलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाकडे दुर्बीण वळवून त्याच्या वर्णरेषांवरून ताळा घ्यावा लागतो. सीझेडटीआयसाठी ॲमेरिशियम-२४१ हा साक्षीदार होता. त्याचे आयुष्य शतकांच्या हिशेबातले. या उपकरणातले काही पिक्सेल किरण नसतानाही उगाच बडबडतात. ते हुडकून त्यांना गप्प करणे हे पुण्यातल्या चमूचे नित्याचे काम झाले. प्रत्येक सुमारे ९८ मिनिटांच्या प्रदक्षिणेत, दक्षिण अटलांटिकवरील प्रखर कणांच्या पट्ट्याचा जेवढा भाग वाटेत येई तेवढा वेळ उपकरणांचा उच्च दाब उतरवावा लागे. तेवढ्या वेळाचे वेध गळायचे.

आकाशातील मास्टर गेजचा मान सर्वांनीच क्रॅब तेजोमेघाला दिला होता. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचा हा अवशेष वृषभ राशीत आहे. त्याच्या पोटातला स्पंदक सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो. क्ष-किरणांत तो इतका तेजस्वी आणि इतका स्थिर मानला गेला की इतर स्रोतांचे तेज ‘मिलिक्रॅब’ या एककात सांगण्याची पद्धत पडली. आणि मग २०११ साली एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : २००८ ते २०१० या काळात क्रॅबचे तेजच सुमारे सात टक्क्यांनी घटले होते. एखाद्याच उपग्रहाने हे सांगितले असते, तर दोष त्याच्या उपकरणाला लागला असता, आणि ते रास्तही ठरले असते. चार वेगवेगळ्या उपग्रहांच्या वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या नोंदी एकमेकींशी जुळल्या, म्हणूनच दोष आकाशाच्या पदरात टाकता आला. ॲस्ट्रोसॅट वर गेले तेव्हा त्याला हे ठाऊक होते की ज्या मापाशी आपण स्वतःला ताडणार, ते मापही पूर्ण विश्वासाचे नाही. पण त्याहून बरे दुसरे नव्हते.

सीझेडटीआय सुरू झाले आणि पहिले लक्ष्य क्रॅबच होते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कामाच्या अगदी पहिल्या दिवसांत, त्याने एक गॅमा-किरण स्फोटही टिपला. पुढे असे शेकडो स्फोट त्याच्या नोंदीत आले. पण क्रॅबकडे पुन्हा पुन्हा पाहण्यातून जे निघाले, ते अधिक मोलाचे मानावे लागेल. क्ष-किरण ध्रुवित असले, तर एका पिक्सेलमध्ये आदळून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडणारे प्रकाशकण काही दिशांना अधिक जातात. अडचण अशी की पिक्सेल चौकोनी असल्याने, ध्रुवण नसतानाही दिशांमध्ये खोटा भेद दिसतो. हा खोटा भेद किती, हे उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत ध्रुवित आणि अध्रुवित अशा दोन्ही किरणांवर तपासून ठेवलेले होते. ते काम आधी झाले नसते, तर कक्षेतल्या मोजणीला काहीच अर्थ उरला नसता. संतोष वडवळे, वरुण भालेराव, ए. आर. राव, दीपांकर भट्टाचार्य यांच्यासह मोठ्या चमूने सुमारे दीड वर्षाचे क्रॅबचे वेध एकत्र केले. स्पंदकाच्या प्रत्येक फेरीत ध्रुवण कसे बदलते हे नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत ठळक बदल दिसला तो स्पंदांच्या मधल्या शांत काळात, जिथे स्पंदकाचा प्रकाश जवळजवळ नसतोच असे मानले जात होते. सिद्धान्तकारांना तो निष्कर्ष अजून नीट पचलेला नाही.

याच रोजच्या तपासणीने वाईट बातमीही वेळेवर दिली. एलएएक्सपीसीच्या तिसऱ्या गणकातील वायू झिरपतो आहे, हे त्याच्या मापांच्या सततच्या सरकण्यावरून उमगले. मार्च २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. त्याच महिन्यात पहिल्या गणकाचा दाब उतरवावा लागला, आणि यूव्हीआयटीची निकट-अतिनील वाहिनीही तेव्हाच मूक झाली. एकच महिना, तीन आघात. पण दर महिन्याचे आकडे हाती होते, म्हणून त्या तारखेपर्यंतचे वेध कितपत विश्वासाचे आहेत, हे आजही नेमके सांगता येते. मोडलेल्या यंत्राची जुनी मापे वाचवणे हे अंशशोधनाचे सर्वांत कमी गौरवले गेलेले काम असावे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये यूव्हीआयटीने आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे २८ तासांहून अधिक काळ पाहिले. त्यात एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून आलेले अत्यंत तीव्र अतिनील किरण सापडले. ते ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेले होते. आयुकातील कनक साहा आणि सहकाऱ्यांचा हा शोध प्रसिद्ध व्हायला ऑगस्ट २०२० उजाडला. मधला बराच काळ हा ठिपका खरा की उपकरणाचा भास, हे ठरवण्यात गेला. हबल दुर्बिणीचा आरसा यूव्हीआयटीच्या कितीतरी पट मोठा. तरीही हा किरण लहान दुर्बिणीला दिसला, कारण तिच्या शोधकाची स्वतःची पार्श्वभूमी अतिशय कमी होती, आणि ती नेमकी किती, हे श्याम टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या मापांमुळे ठाऊक होते.

पाच वर्षांसाठी बांधलेल्या या वेधशाळेने २८ सप्टेंबर २०२५ रोजी दहा वर्षे पूर्ण केली. तिच्या पाठोपाठ क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठी बांधलेला एक्सपोसॅट उपग्रह १ जानेवारी २०२४ रोजी वर गेला. त्याचे एक उपकरण सुरू होताच कॅसिओपिया-ए या अतिनवताऱ्याच्या अवशेषाकडे वळवण्यात आले, आणि दुसरे, जानेवारीच्या मध्यावर, क्रॅबकडे.