आमच्या देवळाची घंटा

वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. ‘देवळात गेलो होतो’ असं आम्ही म्हटलं की तो पाहुणा विचारतो, कुठल्या? मग सांगावं लागतं, की बाबा, आम्ही ख्रिस्ती, पण घरात बोलतो ती मराठीच, आणि देव जिथे राहतो ते देऊळ.

या देवळाची घंटा माझे आजोबा वाजवायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील. सरकारी हुद्दा नाही की पगार नाही. भात झोडपलं की गावातल्या घरांतून त्यांना थोडं थोडं भात मिळायचं, कुणी केळीचा लोंगर द्यायचं, नाताळला नवीन धोतर. त्यावर घर चालत नव्हतं. घर चालायचं ते केळीच्या वाडीवर आणि पानवेलीवर. पण गावात आमच्या घराची ओळख होती ती ‘घंटावाल्यांचं घर’ अशीच.

दिवसाला तीन वेळा घंटा. पहाटे, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. तीन ठोके, थांबायचं. परत तीन, थांबायचं. परत तीन, आणि मग लागोपाठ. मधल्या थांबण्यात एक नमो मरिया म्हणून होते, तेवढाच वेळ. आजोबांकडे घड्याळ होतं, पण ते घडी घालून पेटीत ठेवलेल्या कोटाच्या खिशात असायचं. ते बाराची वेळ ओळखायचे विहिरीच्या काठाच्या सावलीवरून. बाराची घंटा झाली की सगळ्या वाड्यांतले रहाट थांबायचे. बैलाला पण सवय झालेली, घंटा ऐकली की तो आपोआप उभा राहायचा. भाजीची खुडणी करणाऱ्या बाया उभ्या राहून क्रूसाची खूण करायच्या आणि मग भाकरी सोडायच्या. आमच्या शेजारी भंडाऱ्यांची घरं होती. प्रार्थना ती आमची, पण जेवायची वेळ सगळ्यांची तीच.

देवळात घंटा दोन होत्या, थोरली आणि धाकटी. मिस्साची घंटा वेगळी, सणाची वेगळी, मरणाची वेगळी. सणाला दोन्ही एकत्र वाजायच्या आणि त्याला दोन माणसं लागायची. मरणाला थोरलीचा एकच ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. लहान मूल गेलं तर धाकटी. धाकटी अशी एकटी वाजायला लागली की गावातल्या बाया हातातलं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. कुणाच्या घरात मूल आजारी आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचंच. आणि वेळी अवेळी, ताल सोडून, धडाधडा घंटा वाजली तर समजायचं, आग लागली आहे. मग हंडे, बादल्या घेऊन सगळं गाव पळायचं.

वर्षातून दोन दिवस मात्र घंटा मुकी असायची. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी वाजली की त्यानंतर शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या मिस्सालाच. मधल्या काळात लाकडी फळीवर लाकडाचा ठोकळा आपटायचा, खट् खट् खट्. आम्हा पोरांना त्याची फार मजा वाटायची. आजोबांना नाही. त्या दोन दिवसांत ते कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. दोरीला हात न लावता दिवस कसा घालवायचा हे त्यांना कळत नसावं.

आता इतिहासाचं. शाळेत आम्हाला वसईचा विजय शिकवला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, आणि दोनशे पाच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी ती जिंकली. तीन महिने वेढा होता, सुरुंग लावून तट फोडला, दोन्हीकडची हजारो माणसं पडली. मास्तर रंगून शिकवायचे. शेवटी म्हणाले, ‘आणि विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देवळांतल्या घंटा काढून नेल्या.’ वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. घंटावाल्याचा नातू ना मी. मला कळेना मान ताठ करायची की खाली घालायची. चिमाजी अप्पा माझेही होते की. मी मराठीच शाळेत, मराठीच पुस्तकात ते शिकत होतो.

घरी येऊन आजोबांना विचारलं. ते म्हणाले, ‘नेल्या, हे खरं. आपल्या देवळाची आत्ताची घंटा नंतरची आहे. आधीची गेली, असं माझा आजा सांगायचा. आणि हेही खरं, की पाखल्यांनी इथली देवळं पाडूनच किल्ल्यात दगड लावले.’ पोर्तुगिजांना पाखले म्हणायची पद्धत होती. ‘किल्ल्यात जाऊन बघ, नक्षीचे दगड उलटे सुलटे बसवलेले आहेत. कुणी कुणाचं काय नेलं त्याचा हिशोब मांडायला बसलास तर तुझी वही पुरणार नाही.’

एवढं बोलून ते गप्प झाले. पण त्यांच्या मनात ते होतंच. सणाच्या दिवशी दोरी ओढून घामाघूम होऊन खाली आले की एखादे वेळी म्हणायचे, ‘पहिलीचा आवाज किल्ल्यापर्यंत जायचा म्हणतात.’ त्यांनी ती ऐकलेली नव्हती, त्यांच्या आजानेही नव्हती. तरी तिची आठवण घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली.

मी नोकरीला लागलो तेव्हा आजोबा सत्तरी ओलांडलेले. पहिल्या पगाराला विचारलं, तुम्हाला काय आणू? म्हणाले, ‘आणू नको काही. त्या घंटा कुठे आहेत तिथे एकदा ने.’

मी चौकशी केली. भीमाशंकरच्या देवळापुढे एक आहे. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. ते देऊळ १७४७ चं, आणि पूर आला की पाणी त्या घंटेपर्यंत चढलं का हे नाशिककर बघतात. रायगडातल्या पालीला बल्लाळेश्वराच्या देवळात एक. आणि वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक. पुढे ‘स्वदेस’ सिनेमात जो घाट सगळ्यांनी पाहिला, तोच. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे असं कळलं, म्हणून आम्ही तिथे जायचं ठरवलं.

दोन एसट्या बदलून वाईला पोचलो, तिथून चालत मेणवली. घाट उतरलो. देवळाजवळ दगडी मंडपी, आणि तिच्यात घंटा. आजोबांनी चपला काढल्या. टोपी काढली. मी वाचून दाखवलं, १७०७. म्हणजे किल्ला पडायच्या बत्तीस वर्षं आधीची. मरियेचा मुखडा पावसापाण्याने गुळगुळीत झालेला, पण कडेवरचं मूल ओळखू येत होतं.

मला वाटलं, आजोबा हात जोडतील, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. तसलं काही नाही. ते वाकून घंटेच्या आतली कड बघायला लागले. मला म्हणाले, ‘एकाच जागी मार बसला की तिथे खड्डा पडतो आणि एक दिवस घंटा फुटते. मधून मधून तिला पाव फेरा फिरवून टांगायची असते. हे इथे कुणाला सांगायचं?’ चार भाग तांबं आणि एक भाग कथील, असं ते काशाचं गणित सांगायचे. कथील जास्त झालं तर आवाज गोड, पण घंटा ठिसूळ.

घाटावर एक म्हातारी धुणं धूत होती. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, ‘पाव्हणं कुठलं म्हणायचं?’

‘वसईचे,’ आजोबा म्हणाले.

‘वसईचं? मंग तुमच्याच गावची की ही.’ तिने पिळा दगडावर ठेवला. ‘लेकराला घेतल्याली बाई हाय तिच्यावर. आमच्या सासूबाई देवाला हात जोडल्या की तिला बी जोडायच्या. म्हणायच्या, आईच हाय, कुणाची का असंना.’

आजोबा काही बोलले नाहीत. बाराची वेळ झाली होती. सावली बघून त्यांना ती कळली हे मलाही कळलं, कारण त्यांचा उजवा हात उगाच वर गेला आणि खाली आला. मी म्हटलं, ‘विचारू का त्यांना? एकदा वाजवून बघता?’ ते म्हणाले, ‘नको. दुसऱ्याच्या देवळात आपले ठोके देऊ नयेत.’ मग तिथेच उभं राहून त्यांनी मनातल्या मनात बाराची प्रार्थना म्हटली, म्हातारीला राम राम केला आणि आम्ही निघालो.

एसटीत ते म्हणाले, ‘वितळवली असती तर तोफ झाली असती. टांगली, म्हणून घंटा राहिली.’ हे वाक्य मला तेव्हा साधं वाटलं. पुढे वाचनात आलं, की दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपातल्या देवळांमधून लाखाहून अधिक घंटा उतरवून नेल्या. हॅम्बुर्गच्या बंदरात त्यांच्या राशी पडल्या होत्या. बहुतेक वितळवल्या गेल्या. ख्रिस्ती राज्याने ख्रिस्ती देवळांच्या घंटा वितळवल्या. तेव्हा मला आजोबांचं ते बोलणं आठवलं. पराभव तो पराभवच, लूट ती लूटच, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. पण लुटीनंतर त्या वस्तूचं काय केलं, हाही इतिहासच असतो.

त्याच पावसाळ्यात आमचे भंडारी शेजारी वारले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आजोबांचे ते बालमित्र. थोरली घंटा एकदा दुरुस्तीला उतरवली होती तेव्हा ती परत वर चढवताना दोरखंडाला खांदा लावणाऱ्यांत काका पहिले होते. काकांना मसणवटीत नेलं त्या संध्याकाळी आजोबा देवळात गेले आणि थोरलीचा एक ठोका दिला. थांबले. दुसरा दिला.

गाव दारात आलं. कोण गेलं? धर्मगुरू बंगल्यातून धावत आले. ते नवीनच होते. त्यांनी विचारलं, ‘कुणाची घंटा? माझ्या नोंदीत कुणी गेल्याचं नाही.’

आजोबा दोरी न सोडता म्हणाले, ‘नोंदीत नसेल फादर, वाडीत होता.’

फादर रागावले. त्यांचंही चूक म्हणवत नाही. नियम म्हणून काही असतो, आणि आज एकासाठी वाजवली तर उद्या कुणासाठी नाही म्हणणार? दोन रविवार दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. ते दोन आठवडे आजोबा पवित्र आठवड्यासारखे गप्प होते. गावातल्या काही माणसांनी मात्र आमच्या घरी येऊन सांगितलं, की त्यांनी चूक केली. देवळाची घंटा देवळाच्या माणसांसाठी. आजोबांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. तिसऱ्या रविवारी फादर स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, ‘उद्या पहाटेपासून या.’ माफी कुणीच कुणाची मागितली नाही. पण मला आठवतं, काकांच्या तेराव्याला त्यांच्या घरून आमच्याकडे जेवणाचं पान आलं होतं, आणि फादरांच्या बंगल्यावरही एक गेलं होतं.

आजोबा गेले तेव्हा माझ्या वडिलांनी ठोके दिले. वडील मुंबईला कारखान्यात जायचे, पहाटेची लोकल पकडायची तर पहाटेची घंटा कोण वाजवणार? मग एक पगारी माणूस ठेवला, तो गेला, दुसरा आला. रहाट जाऊन पंप आले, वाड्या जाऊन इमारती आल्या, बावखलं बुजली. पुढे मनोऱ्यावर कर्णे बसले आणि बटण दाबलं की घंटेचा ध्वनिमुद्रित आवाज येऊ लागला. तो आवाज आमच्या घंटेचा नव्हता, कुठल्या तरी परदेशी देवळाचा होता. ऐकायला फार छान. नवीन इमारतींमधल्या काही लोकांनी पहाटेच्या आवाजाबद्दल तक्रार केली, मग तो कमी केला. आणि कुणी गेल्याची बातमी आता घंटेआधी मोबाइलवर येते, फोटो आणि वेळेसकट.

मागच्या वर्षी देवळाच्या सभेत विषय निघाला, की खऱ्या घंटांचा आता उपयोग नाही, तुळई कुजली आहे, उतरवून खाली काचेच्या पेटीत ठेवू. येणाऱ्या जाणाऱ्याला बघता येतील. मी सहसा सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठलो. म्हटलं, ‘आपली एक घंटा अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी गेली आणि ती मेणवलीला काय, आणखी कुठे काय, टांगलेली आहे. ज्यांनी नेली त्यांनीसुद्धा पेटीत ठेवली नाही. आपण आपलीच पेटीत ठेवायची?’

बरीच वादावादी झाली. शेवटी तडजोड निघाली. दिवसाच्या तीन घंटा यंत्रावर. मरणाची मात्र हाताने. तुळईसाठी वर्गणी काढली, तुळई बदलली, आणि सुतार वर होता तेवढ्यात थोरली पाव फेरा फिरवून टांगून घेतली. तिच्या आतल्या कडेवर आजोबांनी सांगितलेला तो खड्डा हाताला लागला, अंगठा बसेल एवढा.

मरणाचे ठोके सध्या मीच देतो. पासष्टी उलटली आहे, पण एका ठोक्याला फार जोर लागत नाही; जोर लागतो तो मधलं थांबणं सांभाळायला. पलीकडच्या इमारतीतला एक मुलगा दोन वेळा बघायला येऊन गेला. ख्रिस्ती नाही. मी त्याला दोरी धरून दाखवली. पुढच्या वेळी फादरांना विचारून त्याला एक ठोका द्यायला लावीन म्हणतो.

दोरी मात्र नायलॉनची आणली आहे. तळहातातून घसरते. काथ्याची कुठे मिळते का ते बघतो आहे.