सन्मानाने मृत्यूचा हक्क : कायदा काय म्हणतो, धर्म काय सांगतो?

हुबळी : रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे आणि आता सुधारणा होणार नाही, असं डॉक्टर सांगतात. दुर्गदबैलचं घर असो की बेळगाव, कोल्हापूरचं, प्रश्न एकच पडतो : यंत्र काढणं म्हणजे जीव घेणं का?

कायदा काय आहे?
सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये अटी सोप्या केल्या. सज्ञान व्यक्ती आपलं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे करून ठेवू शकते. ते नसेल तर नातेवाइकांची संमती लागते. दोन वैद्यकीय मंडळांच्या होकारानंतर आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवूनच उपचार थांबवता येतात. कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ रोजी यासाठी परिपत्रक काढलं. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र आजही गुन्हाच आहे.

धर्म काय सांगतात?
जीव देवाने दिला, तो आपण घेऊ नये, यावर बहुतेक धर्म ठाम आहेत. तरीही मरण लांबवत राहण्याचा आग्रह सगळेच धरत नाहीत. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं. चिकोडी भागातले जैन आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. कॅथॉलिक चर्चने १९८० च्या घोषणापत्रात दयामरण नाकारलं, पण मरण जवळ आल्यावर निष्फळ, त्रासदायक उपचार नाकारण्याची मुभा दिली.

खरी कसोटी कुठे?
उत्तर कन्नडातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या दयामरणाला केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला, आणि मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांची शुश्रूषाही केली. 'जीव मोलाचा' हे म्हणणं त्यांनी स्वतः निभावलं.

धोरणालाही हीच कसोटी लावावी लागेल. पैसे संपले म्हणून बरा होऊ शकणारा रुग्ण घरी नेला जातो, तेव्हा कागदावर 'सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' एवढंच उरतं. तिथे ना मंडळ बसतं, ना कुणी धर्माचा दाखला देतं. यंत्र काढायला विरोध करणाऱ्यांनी अशा रुग्णाच्या खाटेचा आणि वेदनाशामक उपचारांचा खर्चही मागितला पाहिजे. हक्क देणाऱ्या सरकारांनी तो उचलला पाहिजे.