मगनवाडीची नीरा

1934 साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली कार्य सुरू झाले, तेव्हा अबकारीच्या दप्तरी केवळ महसुलाचे साधन ठरलेली शिंदीची झाडे गूळ देणारी झाली. गोड रस उबेत लवकर बिघडतो; म्हणूनच बिअरचे कारागीर उकळलेला यवरस (बार्लीचा रस) कोमट असताना जंतूंच्या हाती पडू नये यासाठी सत्वर निववतात. मगनवाडीत रात्रीच्या गारव्यात, चुना फासलेल्या मडक्यात झिरपलेली नीरा, म्हणजे शिंदीचा गोड रस, ऊन चढण्यापूर्वी उतरवून, आंबण्याआधीच कढईत आटवीत. निसर्गनियम एकच, परंतु बिअरमध्ये त्याचा उपयोग इष्ट किण्वनाच्या रक्षणार्थ, तर येथे किण्वनच टाळण्यासाठी. पुढे दारूबंदीचा जिल्हा ठरलेल्या वर्ध्याने त्या ज्ञानातून गरिबाच्या ताटात गोडवा वाढावा असा उद्योग उभारला, हे त्याचे थोर श्रेय होय.