पागेतील उमेदवारी

'उमेदवार' म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे हात जोडलेला, मते मागणारा गृहस्थ उभा राहतो. पण या शब्दाचा जुना संसार निराळा होता. एखाद्या जाणत्याच्या हाताखाली, पगाराची फारशी आशा न धरता, पडेल ते काम करीत विद्या शिकायची, याचे नाव उमेदवारी. सोनाराच्या पेढीवर, वैद्याच्या ओसरीवर, तशी ती घोड्याच्या पागेतही चाले. या शेवटच्या उमेदवारीची हकिगत मोठी रंजक आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर लिदीचा विषय काढल्याबद्दल वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे.

या हकिगतीचा आरंभ फार मागे जातो. तुर्कस्तानात बोगाझकोई येथे हित्ती राजांच्या जुन्या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या विटा सापडल्या. त्यांतल्या काहींवर किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाने रथाचे घोडे कसे तयार करावेत ते दिवसवार सांगितले आहे: किती दौडवावे, केव्हा पाणी पाजावे, केव्हा न्हाऊ घालावे. या विटा इसवी सनापूर्वी सुमारे 1400 ते 1300 या काळातल्या. त्यांत फेऱ्यांचे शब्द येतात ते असे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो मोतद्दार आपल्याला कळेल अशा बोलीत घोड्याची आवर्तने मोजत होता, हे वाचून मला तरी घरचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

आपल्याकडे या विद्येचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला 'सालोतरी' म्हणू लागले. महाभारतात अज्ञातवासाची वेळ आली तेव्हा नकुल 'ग्रंथिक' हे नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत चाकरीला राहिला. राजपुत्राने लपायला जागा निवडली ती तबेल्याची. तेथे कोणी राजपुत्र शोधायला येणार नाही, हा हिशेब त्यात असावा. काम मोलाचे आणि काम करणारा मात्र हलका, हा लोकांचा समज असा जुना आहे.

शिवछत्रपतींनी हा समज किती दूर सारला होता ते सभासदाच्या बखरीवरून दिसते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, अशी पागेची रचना त्याने नोंदली आहे. तलवारीच्या हिशेबात पाणी आणि नाल यांचाही हिशेब होता. भीमथडीच्या तट्टांचा लौकिक पुढे सर्वत्र झाला तो रक्ताच्या गुणाने, तसाच चंदी-खरारा करणाऱ्या अनाम हातांच्या गुणानेही. ते हात आपली विद्या लिहून मात्र ठेवीत नव्हते. बापाने मुलाला दाखवावे आणि मुलाने नातवाला, एवढीच तिची शाळा.

या विद्येची खरीखुरी शाळा निघाली ती फ्रान्समध्ये, लियाँ शहरी. क्लोद बूर्जला हा तेथल्या अश्वारोहण अकादमीचा प्रमुख. त्याला 1761 मध्ये राजाची परवानगी मिळाली आणि 1762 च्या आरंभी शहराबाहेरच्या एका जुन्या सराईत पशुवैद्यकाची जगातली पहिली शाळा सुरू झाली. विद्यार्थ्यांत नालबंदांची मुले पुष्कळ. शरीररचना शिकायची तशीच भट्टीपुढे उभे राहून नालही ठोकायचा. त्या काळी गुरांच्या साथीने खेडीच्या खेडी ओस पडत. शाळेला वर्ष होते न होते तोच बूर्जलाने आपले विद्यार्थी साथीच्या गावांत धाडले. गोठ्यातला तो अनुभव हीच त्यांची परीक्षा, आणि त्या कामगिरीनेच शाळेचे नाव झाले.

या शाळेत 1790 मध्ये एक इंग्रज येऊन दाखल झाला. त्याचे नाव विल्यम मूरक्रॉफ्ट. हा लिव्हरपूलला शल्यवैद्याच्या हाताखाली शिकत होता. माणसांचा डॉक्टर होऊन सुखाने राहिला असता. पण गुरांची साथ पाहून त्याचे मन पालटले. माणसांचा वैद्य सोडून घोड्यांचा वैद्य व्हायचे, ही गोष्ट इष्टमित्रांना अधोगतीच वाटली. जॉन हंटरसारख्या थोर शल्यविशारदाने मात्र त्याची पाठ थोपटली. पशुवैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेला पहिला इंग्रज म्हणून मूरक्रॉफ्टचेच नाव सांगतात. पुढे लंडनमध्ये त्याने नाव आणि पैसा मिळवला, यंत्राने नाल बनवण्याच्या नादात तो पैसा बराचसा घालवला, आणि 1808 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो हिंदुस्थानात आला.

बिहारात पुसा येथे कंपनीचा अश्वपैदाशीचा मोठा कारखाना होता. रिसाल्याला दमदार घोडे हवेत, आणि निपजतात ते सुमार, ही कंपनीची चिंता. मूरक्रॉफ्टने तेथे ओटची पेरणी केली, घोड्यांची निगा सुधारली. पण उत्तम बीज मध्य आशियातूनच आणले पाहिजे हा ध्यास त्याला लागला. 1812 मध्ये तो गोसाव्याच्या वेषात मानससरोवरापर्यंत जाऊन आला आणि परतताना घोड्यांऐवजी पश्मिन्याच्या शेळ्या घेऊन आला! 1819 मध्ये पुन्हा निघाला. लडाख, काश्मीर, काबूल करीत 1825 मध्ये बुखाऱ्याला पोचला. मनाजोगते घोडे तेथेही गवसले नाहीत, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी त्याने देह ठेवला. नकुल वेष पालटून तबेल्यात शिरला होता. हा तबेल्यासाठी वेष पालटून हिमालयात शिरला.

आपल्या मुंबईत अशी शाळा 1886 मध्ये परळला उघडली. त्या वेळी शहरात घोड्यांच्या ट्रामी धावत होत्या. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाशेजारी हे विद्यालय सुरू झाले; म्हणजे पुस्तक एका हाताला आणि रोगी दुसऱ्या हाताला. आज देशभरच्या पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यातले अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. जुनी उमेदवारी अशी नव्या नावाने पदवीत येऊन बसली.

माझी एक भाची या वर्षात अश्वपैदाशीच्या एका ठिकाणी राहून आली. तिची आजी हळहळली, "अगं, डॉक्टर व्हायला गेलीस की लीद काढायला?" भाची म्हणाली, "आजी, लीद पाहिली की पोटातलं सगळं कळतं. घोडा काही तोंडानं सांगत नाही ना!" व्यायला आलेल्या घोडीपाशी एका म्हाताऱ्या मोतद्दाराबरोबर तिने रात्री जागून काढल्या. घोडीच्या सडांवर मेणासारखा चीक दिसू लागला की वेळ जवळ आली, हे तिने पुस्तकात वाचले होते. पण अंधारात नुसत्या पावलांच्या आवाजावरून घोडीची अस्वस्थता ओळखायला तिला त्या म्हाताऱ्याने शिकवले. शिंगरू जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच त्याच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे; घोडीच्या शिंगराला रोगाशी झुंजायचे बळ त्यातूनच मिळते. याचे कारण तिने मोतद्दाराला समजावून सांगितले. देणे-घेणे दोन्हीकडून झाले.

मला यात मोठा अर्थ दिसतो. रिसाले गेले, टांगेही गेले; पण विंचू-सापाच्या विषावरची लस आजही घोड्याच्या रक्तातून तयार होते, आणि भीमथडीच्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच सरकारदरबारी नोंद झाली आहे. जात कागदावर वाचते, पण ठाणावर ती वाचवायला माणसे लागतात. त्या म्हाताऱ्याजवळचे ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ द्यायचे की पदवीधर मुलामुलींनी ते त्याच्या शेजारी बसून घ्यायचे, हा प्रश्न आजचा आहे.

पुशाचा तो कारखाना कधीच मोडला. तेथे 1905 मध्ये शेतीसंशोधनाची संस्था आली. 1934 च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलली, आणि जाताना गावाचे नावही घेऊन गेली. घोडे गेले, पण शेताच्या बांधावर उभे राहून शिकण्याची रीत त्या नावाबरोबर चालू राहिली. आपल्या घरातले एखादे पोर उद्या चिखलाने भरलेले बूट घेऊन दाराशी आले, तर त्याला आत घ्या, ऊन पाणी द्या, आणि आज काय शिकलास ते आधी विचारा.