इंजिनाने हवा घेतली!

फजरच्या अजानपाठोपाठ आंजर्ल्याच्या खाडीत होड्यांची इंजिने धडधडू लागतात. एखादे मध्येच बंद पडले, की तांडेल म्हणतो, "हवा घेतली." डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते. खलाशी नट सैल करून हातपंप मारतो. बुडबुडे थांबून अखंड धार आली, की नट आवळतो.

गंमत म्हणजे, पहिल्या डिझेल इंजिनात तेल आत ढकलायचे काम हवाच करत होती. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी झाले. हवा दाबली की तापते. त्या तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. पण दाबलेल्या हवेत तेल घुसवायला त्याहून जास्त दाबाची हवा लागे आणि ती पुरवायला वेगळा कॉम्प्रेसर. एवढे धूड होडीत कसे मावणार?

१९१० साली इंग्लंडमध्ये जेम्स मॅकेक्नी यांनी थेट तेलालाच दाब देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९२७ पासून बॉश कंपनी असे अचूक पंप मोठ्या संख्येने बनवू लागली. पंपातला प्लंजर तेल रेटतो, त्यावरची तिरकी खाच तेलाचे माप ठरवते आणि नोझल बारीक फवारा करते. कॉम्प्रेसर गेला, इंजिन आटोपशीर झाले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५१ साली बंगळूरला मायको सुरू झाली. पुढे मायकोच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल, इंजेक्टर बनू लागले.

१९९७ साली मोटारींत कॉमन रेल आले. तेल एका सामाईक नळीत सतत दाबाखाली असते. ते कधी, किती सोडायचे हे संगणक ठरवतो. आता हा दाब २,००० बारच्याही वर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट गेला आहे. धूर आणि डिझेल दोन्ही कमी लागले.

पण जुना मिस्त्री चालू इंजिनाच्या एकेका नोझलचा नट सैल करून, नुसत्या आवाजावरून बिघडलेला सिलिंडर ओळखायचा. कॉमन रेलवर तसे करणे जिवावर बेतेल. ती धार कातडीत घुसते. तिथे बिघाड शोधायला स्कॅनर लागतो.

भर समुद्रात ना गॅरेज, ना कंपनीचा माणूस. म्हणून नवे इंजिन घ्यावे, जरूर घ्यावे. पण त्याच्यासोबत स्कॅनर आणि तो वाचणारा आपल्यातलाच एखादा मुलगाही होडीवर हवा. इंजिन किनाऱ्यावर विकत मिळते, इल्म मात्र आधी शिकून सोबत न्यावे लागते.